पॉल मॉर्फीचा मृत्यू आणि बायकांच्या चपला: एक खुलासा

बुद्धिबळप्रेमींमध्ये एक मजकूर फिरतोय: अमेरिकन बुद्धिबळपटू पॉल मॉर्फी वेडाच्या भरात, बायकांच्या चपलांच्या गराड्यात मेलेला सापडला. हे खरं नाही.

१० जुलै १८८४ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये भर दुपारच्या उन्हात फिरून तो घरी आला, आंघोळीला गेला आणि टबातच वारला. वय ४७. कारण मेंदूचा झटका. चपला आल्या त्याच्या पुतणीच्या आठवणींतून. तो हयात असताना खोलीत स्वतःचे जोडे अर्धवर्तुळात मांडून ठेवायचा, एवढंच तिने लिहिलं होतं. कुणीतरी ते जोडे बायकांचे केले आणि थेट मृत्यूला नेऊन चिकटवले.

शेवटच्या वर्षांत त्याचं मन आजारी होतं, हे मात्र खरं. म्हणून त्या आजाराचा तमाशा करायचा का? सांगायचंच तर १८५८ सालचा पॅरिसच्या ऑपेरातला डाव सांगा. सोळाव्या खेळीला त्याने वजीर देऊन टाकला, समोरच्याच्या घोड्याला तो मारावाच लागला, आणि सतराव्या खेळीला उंटाच्या जोरावर हत्तीने मात! त्याच वर्षी नामांकित जर्मन खेळाडू अँडरसनलाही त्याने ७ विरुद्ध २ डावांनी हरवलं, २ बरोबरीत सुटले. तेव्हा तो अवघा २१ वर्षांचा होता.