टोमॅटोचं बूड काळं पडतं त्याबद्दल

ताई, नमस्कार.

टोमॅटोचं बूड काळं पडू नये म्हणून अंड्याची टरफलं कुटून कुंडीत घाला, असं मी माझ्या लेखात लिहिलं होतं. खारघरला अकराव्या मजल्यावर तुम्ही दोन महिने तेच केलंत, तरी 7 पैकी 5 फळं काळी पडली. “ऐकीव गोष्टी लोकांच्या माथी मारू नका,” हे तुमचं म्हणणं मला लागलं, कारण ते खरं आहे. टरफलं मातीत फार सावकाश विरघळतात, या हंगामातल्या फळांना त्यांचा उपयोग नाही. ते वाक्य मी आजच काढलंय.

पण “फ्लॅटमध्ये टोमॅटो होतच नाहीत” हे मला मान्य नाही. मीही ठाण्यात कोपरीला ग्रिलमध्येच लावते.

फळाला कॅल्शियम कमी पडतं म्हणून बूड काळं होतं. पण बहुतेकदा मातीत ते असतंच. ते पाण्याबरोबर वर चढतं आणि जास्त करून पानांकडे जातं. फळाच्या वाट्याला थोडंच येतं, त्यात बूड देठापासून सगळ्यात लांब. कुंडी मधूनमधून कोरडी पडली की तिथवर पोचतच नाही.

मागच्या डिसेंबरात लग्नाला तीन दिवस चिपळूणला गेले होते. परत आले तर मातीने कुंडीची कड सोडलेली, बोट जाईल एवढी फट. घाईघाईने तांब्यावर तांब्या पाणी ओतलं, ते फटीतून सरळ खालच्या ताटलीत. पुढे लिंबाएवढ्या फळांच्या बुडाशी आधी पाणचट डाग दिसला, मग तो रुपयाएवढा झाला, काळा, चामड्यासारखा, आत बसलेला. टरफलं त्याही कुंडीत होती. तेव्हाच मी लेख दुरुस्त करायला हवा होता.

तुमची कुंडी 10 इंची, ऊन पश्चिमेचं, आणि पाणी रात्री कामावरून आल्यावर. वाऱ्याने एवढीशी माती दुपारीच सुकत असणार. फळं धरलेलं झाड आता हलवू नका. सकाळी निघण्याआधी पाणी घाला, तेही दोनदा: थोडं घालून मुरू द्या, दहा मिनिटांनी पुन्हा, खालून झिरपेपर्यंत. रात्री आल्यावर बोट दोन पेरं मातीत घालून बघा, कोरडं लागलं तरच पुन्हा द्या. मातीवर नारळाची सोडणं पसरा. युरिया घालत असाल तर थांबवा, त्याने नुसता पाला माजतो आणि हा त्रास वाढतो. काळी फळं काढून टाका, डागाचा भाग कापून उरलेलं आमटीत चालतं.

पुढच्या खेपेला 20 लिटरची बादली घ्या, बुडाला भोकं पाडून. बी सप्टेंबरअखेर टाका, म्हणजे थंडीत फळ धरेल. मार्चनंतर आपल्याकडे रात्रीही उकडतं आणि फुलं गळतात.

डाग पडलेलं फळ सुधारत नाही, त्यामुळे आता नव्याने धरतील त्या फळांवर लक्ष ठेवा. तीही काळी पडली तर पाणी कधी आणि किती घातलंत ते लिहून कळवा, आपण पुन्हा बघू.