सबमशीन गनचे ‘बंद झालेले’ भाग भंगार नसतात

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याने परवा मला मोबाइल दाखवला. ओळखीच्या पोराने त्याला एक मेसेज पाठवला होता आणि खाली विचारलं होतं, “काका, असा तुकडा करून द्याल का?” तोच मेसेज त्या आठवड्यात मला आणखी तिघांकडून आला. त्यात म्हटलंय: सबमशीन गनचे, म्हणजे घोडा दाबून धरला की सलग गोळ्या सुटणाऱ्या आखूड बंदुकीचे, जे भाग कंपनीने बनवणं बंद केलं ते शस्त्र राहत नाहीत, भंगार होतात, ते बाहेरून मागवा नाहीतर लेथवर करून घ्या, फायरिंगचा वेग उतरवला की गन ऑटोमॅटिक धरत नाहीत, अमेरिकेत तर लोक हे उघड करतात.

मी वकिली करतो. यातलं शेवटचं सोडलं तर एकही वाक्य खरं नाही, आणि शेवटचंही अर्धंच खरं आहे.

आधी वेगाचं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात मिनिटाला किती गोळ्या, याचा हिशोबच नाही. घोडा दाबून धरला की तो सोडेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामं होईपर्यंत गोळ्या सुटत राहत असतील, तर ते ‘प्रतिबंधित शस्त्र’. अमेरिकी नौदलासाठी थॉम्पसन गनचा वेग मिनिटाला आठशेच्या वरून सहाशे-सातशेवर आणला होता, ते १९२८ चं मॉडेल. तीही सबमशीन गनच राहिली. मोटरची पुली बदलून मागाचा वेग उतरवला म्हणून यंत्रमागाचा हातमाग होतो का? आपल्या सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको.

‘भंगार’ हा मुद्दा मात्र नीट बघायला हवा, कारण पोरं इथेच फसतात. कायद्याच्या कलम २ मध्ये ‘शस्त्र’ या शब्दातच शस्त्राचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंही धरली आहेत. भाग बाजारात मिळतो की बनायचा बंद झालाय, याला तिथे काही किंमत नाही. कलम ४५ मध्ये एक सूट आहे, हे मी लपवणार नाही. किरकोळ भाग जवळ असला, आणि तो स्वतःच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जवळच्या जोडीच्या भागांबरोबर वापरायचा हेतू नसला, तर कायदा लागत नाही. पण वेग बदलायला भाग शोधणारा माणूस तो बसवायलाच शोधतो ना? त्याने स्वतःच्या हाताने टाइप केलेला मेसेजच हेतूचा पुरावा होतो. बाहेरून मागवायचं म्हटलं तर आयातीचा परवाना वेगळा, तोही प्रतिबंधित शस्त्राच्या भागासाठी खासगी माणसाला कोण देणार?

अमेरिकेचं म्हणाल, तर तिथेही मोकळं रान नाही. १९ मे १९८६ पूर्वी कायद्याने नोंदलेल्या मशीनगनच खासगी लोकांकडे राहू शकतात, त्याही सगळ्या राज्यांत नाही. नवीन घेता येत नाही, म्हणून तिथले लोक आहे तीच जुनी गन जपतात आणि तिचे भाग शोधत फिरतात. त्या शोधाचे व्हिडिओ आपल्याकडे येतात, पण त्यामागची नोंदणी कुणाला दिसत नाही. आपल्याकडे प्रतिबंधित शस्त्र ठेवायचं तर केंद्र सरकारचीच खास परवानगी लागते. संजय दत्तला २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेली पाच वर्षं ही तेव्हाची किमान शिक्षा होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती किमान सात वर्षं झाली आहे, आणि कमाल चौदा.

बनवणाऱ्याची शिक्षा त्याहून जड आहे. शस्त्र बनवणं, बदलणं, दुरुस्त करणं यात जन्मठेपेपर्यंत जाता येतं. मेसेज पाठवणारं पोर कदाचित गंमत म्हणून पाठवतं, पण माल तयार होतो तो लेथवर, आणि लेथ ज्याच्या नावावर त्याच्या घरी पोलीस येतात. दिवसभर मागाचे गिअर आणि शाफ्ट करणाऱ्या माणसाला चित्रातला तुकडा कशाचा आहे हे कळेलच असं नाही. त्या लेथवाल्याला मी सांगितलं, चित्र कुणाचंही असो, कुठल्या मशीनचा भाग आहे ते विचारल्याशिवाय जॉब पकडू नका. त्याने माझ्यासमोरच पोराला फोन लावला.