स्क्रीनशॉट टाकलात का, गुरुजी?

शिक्षक बंधू-भगिनींनो, तुमच्या वर्गातली पोरं अजून शेजारच्याला कोपर मारून उत्तर विचारतात? मग तुम्ही फार मागं राहिलात. आता शेजारच्याशीही लिंकवरूनच बोलायचं असतं. थोडे सल्ले देतो, अनुभवाचे आहेत.

आधी प्रशिक्षण घ्या. उपमा-चहा झाला की जॅमबोर्ड, म्हणजे गूगलचा ऑनलाइन फळा, कसा वापरायचा ते वहीत नीट उतरवून घ्या. तो ३१ डिसेंबर २०२४ लाच बंद पडला, हे हात वर करून सांगू नका. मी सांगितलं. "पीपीटीत आहे तेवढं होऊ द्या की, सर," असं उत्तर मिळालं.

विजेची काळजी करू नका. कोयनेचं धरण आमच्याच पाटण तालुक्यात, प्रकल्प १९६० मेगावॅटचा. त्यामुळं वीज जाण्याचा प्रश्नच येत नाही, येण्याचा येतो.

रेंजसाठी व्हरांड्याचा तिसरा खांब धरा.

चाचणी घ्यायची तर कहूटवर घ्या, म्हणजे मोबाईलवरच्या प्रश्नमंजुषेवर. उत्तर जितकं झटपट, तितके गुण जास्त. खिडकीजवळच्या पोराला विज्ञान येतं आणि भिंतीकडच्या पोरीला येत नाही, हे तिथल्या तिथं सिद्ध होतं.

आता सहयोगी फलक, म्हणजे पॅडलेट. लिंक उघडून सगळ्यांनी एकाच फलकावर चिठ्ठ्या चिकटवायच्या. गेल्या गुरुवारी पावणेअकराला ग्रुपवर साहेबांचं फर्मान पडलं: 'आमच्या गावातील पाण्याचे स्रोत' हा उपक्रम आजच घ्यावा, लिंक पालकांनाही द्यावी, पाचपर्यंत स्क्रीनशॉट आणि जिओटॅग फोटो टाकावा. पाचवीचा पट बत्तीस. मोबाईल एक. माझा, हप्ता चालू असलेला. पोरामागं दोन मिनिटं धरली तरी तास उलटतो, आणि पहिल्याच पोराला 'झरा' उमटवायला चार मिनिटं लागली. 'झ' सापडेना. नववा लिहायला बसला तोवर पालकांच्या ग्रुपवरून कुणाच्या तरी दादानं फलकावर ट्रॅक्टर लावला. मग गुड मॉर्निंगचं फूल आलं. मग कुणी काय दाबलं देव जाणे, आधीच्या आठ चिठ्ठ्या गायब! "सर, माझी इहीर पुसली की ओ!" एक जण रडायलाच लागला. लिंकवाल्यांना फक्त लिहिण्याची परवानगी दिली असती तर दुसऱ्याचं पुसता आलं नसतं. पण सूचनेत होतं 'सर्वांना संपादनाची मुभा द्यावी', आणि प्रशिक्षणात हा फरक कुणी सांगितलाच नव्हता. सांगणार कधी, आम्ही जॅमबोर्ड शिकत होतो ना.

साडेचारला पोरं घरी गेली. मी खांबाशी उभा राहून बत्तीस चिठ्ठ्या एकट्यानं लिहिल्या. चार-पाचांत मुद्दाम ऱ्हस्व-दीर्घ चुकवलं, खरं वाटावं म्हणून. पाचला तीन मिनिटं कमी असताना टाकलं. लगेच अंगठा आला, 'उत्कृष्ट सहयोगी अध्ययन, अभिनंदन!'

दुसऱ्या दिवशी तो रडका आला. "सर, माझी इहीर आली का परत?" आली म्हणालो, दाखवली. त्यानं वाचली आणि म्हणाला, "ही माझी न्हाय."

बास झाले सल्ले. अहो साहेब, फलक वाईट नाही, तुमची घाई वाईट आहे. पाटणच्या पोरांनी जतच्या पोरांना विचारू द्या की, तुमच्याकडं टँकर किती दिवसांनी येतो. त्यांनी विचारू द्या, तुमच्याकडं एवढा पाऊस पडतो तर उन्हाळ्यात हंडे घेऊन का फिरता. एकाच गूगल डॉकवर दोन शाळांनी मिळून लिहू द्या. कुणी काय लिहिलं, काय खोडलं, ते त्याच्या इतिहासात दिसतं. वर्गात बसून हे होत नाही, त्यासाठीच ही साधनं आहेत. पण त्याला चार टॅब लागतात, महिनाभर वेळ लागतो आणि पोरांनी काय लिहिलंय ते वाचणारा माणूस लागतो. तुम्ही वाचलं? बत्तीस चिठ्ठ्यांत एकाच माणसाची भाषा कळली नाही? पीपीटीच्या पहिल्या स्लाइडवर कर्मवीरांचा फोटो लावता. त्यांनी १९२४ साली याच साताऱ्यात सगळ्या जातींची पोरं एका वसतिगृहात आणली, एका पंगतीला जेवायला बसवली. कुणाकडं स्क्रीनशॉट पाठवायला नाही. पुढच्या गुरुवारी फोटो हवाच असेल तर खांबाला टेकलेला माझा काढा, आणि खाली लिहा, इयत्ता पाचवी, पट बत्तीस.