उचल स्वखुशीने घेतली, मग तस्करी कशी?

ऊसतोडीतल्या मानवी तस्करीवरच्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं असं की, ऊसतोड मजूर दसऱ्याआधी स्वतःच मुकादमाकडे, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडे, उचल (मजुरीपोटी आगाऊ रक्कम) मागायला जातात, स्टॅम्पपेपरवर अंगठा देतात. याला मानवी तस्करी म्हणणं अतिरंजित आहे. शिवाय उचल घेऊन पळणाऱ्या मजुरांच्या टोळ्यांबद्दल लेखात अवाक्षर नाही.

दुसरा मुद्दा मान्य. मुकादमही बुडतात, अनेकांनी ती रक्कम वाहतूकदाराकडून आणलेली असते. पण बुडाली तर दिवाणी दावा लावावा. बाकी फिटेपर्यंत मजुराचा पोरगा ठेवून घेता येत नाही.

आता अंगठ्याचं. समजा एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोने मिळून, 1 लाख उचलले. रोज दीड टन तोड, टनाला 366 रुपये, 120 दिवस: झाले 65,880. त्यातून आठवड्याला हजार रुपये खर्ची (घरखर्चाची रक्कम), 17 आठवडे. पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, तेव्हा वहीत 51 हजारांवर बाकी, तीही एकही खाडा न धरता. (खाड्याला त्या दिवसाची मजुरी जाते आणि वर दंड.) बाकी पुढच्या हंगामावर, मुकादम तोच.

उचल घेतली की वेठबिगारी, असं कुणीच म्हणत नाही. ‘मी चाललो’ म्हटल्यावर काय होतं ते बघा. कर्जापायी दुसरीकडे काम करायची किंवा मोकळं फिरायची मुभा गेली, की 1976 चा वेठबिगारी निर्मूलन कायदा लागू होतो. आणि शोषणासाठी फसवून, धाकाने किंवा आमिषाने माणूस भरती केला, नेला किंवा ठेवून घेतला, तर ती भारतीय न्याय संहितेच्या कलम 143 खाली तस्करी. सीमा ओलांडावी लागत नाही, आणि पीडिताची संमती तिथे गैरलागू आहे. अंगठा तिथेच निकालात निघतो.

प्रत्यक्षात प्रकरण बिघडतं ते जबाबात. मुकादम समोर उभा असला की ‘खुशीने आहोत’ एवढंच कागदावर येतं, आणि पोलीस ‘पैशांचा वाद’ म्हणून हात झटकतात. अर्ज जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्याकडे करा, जबाब वेगळा घ्यायला लावा. गावात कोण आलं, किती दिले, गाडी कुणाची, जातो म्हटल्यावर कोण काय बोललं, वही कुणाकडे असते, हे त्यात हवं. कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायचं ओझं वेठबिगारी कायद्याच्या कलम 15 नुसार देणाऱ्यावर आहे, मजुरावर नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सुटका झाल्या झाल्या टोळीला ट्रकमध्ये घालून गावी धाडणं. मुक्ती प्रमाणपत्र (वेठबिगारीतून सुटल्याचा सरकारी दाखला) हातात नसलं तर पुनर्वसनाचे पैसे अडतात, आणि त्याच कायद्याच्या कलम 6 ने संपलेलं कर्ज मुकादमाच्या वहीत तसंच राहतं. पुढच्या दसऱ्याला तो तीच वही घेऊन दारात.