‘नव्या पीसीवर जुनं सॉफ्टवेअर चालत नाही’ म्हणे!

डिजिटल चित्रं काढणाऱ्यांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. स्वस्तातला नवा पीसी असेंबल करत असाल तर फोटोशॉप सीएस६, पेंट टूल साई वगैरे चित्रं काढायची जुनी सॉफ्टवेअर विसरा, असं त्यात म्हटलंय. कारणं चार: ती विंडोज ११ वर चालत नाहीत, वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, ३२ जीबी रॅम लागते आणि टॅबलेटवरच्या पेनाचं प्रेशर (दाबाप्रमाणे रेघ जाड-बारीक होणं) मिळत नाही. म्हणून नव्या सॉफ्टवेअरची दरमहा वर्गणी मुकाट्याने भरा. मी नुकताच असा पीसी जोडलाय, ग्राफिक्स कार्डाशिवाय, १६ जीबी रॅमवर. त्यामुळे हा मेसेज तिसऱ्यांदा आल्यावर राहवलं नाही.

पहिलं कारण, विंडोज ११. मेसेजच्या भाषेत ‘३२-बिट सॉफ्टवेअर आता बंद’. (बिट म्हणजे प्रोसेसर एका वेळी किती माहिती हाताळतो त्याचं माप; जुनी सॉफ्टवेअर बरीचशी ३२-बिट, आजचे पीसी ६४-बिट.) ते बंद झालंय मॅकवर. २०१९ च्या कॅटालिनापासून मॅक ३२-बिट प्रोग्राम उघडत नाही. कुणाचा तरी तो अनुभव उचलून विंडोजच्या माथी मारलाय. विंडोज ११ स्वतः ६४-बिट असलं तरी ३२-बिट प्रोग्राम निमूटपणे चालवतं. त्याला चालत नाहीत ते १६-बिट, म्हणजे विंडोज ३.१ च्या काळातले. यात एक गंमत आहे. नव्वदच्या दशकातल्या काही सीड्यांवर प्रोग्राम ३२-बिट असतो, पण त्याचा सेटअप मात्र १६-बिट. सेटअपच उघडत नाही आणि माणूस सॉफ्टवेअरला शिव्या घालतो.

ग्राफिक्स कार्डाचं तर काही सांगूच नका. फोटोशॉपने कॅनव्हास दाखवण्यासाठी ग्राफिक्स चिपची मदत घ्यायला सुरुवात केली ती सीएस४ मध्ये, २००८ साली. त्याआधीची सगळी चित्रं प्रोसेसरनेच रंगवली. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ब्रशचा फटकारा बहुतेक वेळा एकाच कोअरवर, म्हणजे प्रोसेसरच्या एकाच भागावर, चालतो, आणि आजच्या साध्या प्रोसेसरचा एक कोअर तेव्हाच्या महागड्या प्रोसेसरपेक्षा कितीतरी वेगवान आहे. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर काम भागवायचं असेल तर रॅमची एक मोठी पट्टी घेण्याऐवजी दोन छोट्या घ्या. ते ग्राफिक्स रॅमच वापरतं, त्याला दोन वाटा मिळतात.

आता रॅम. इथे थोडं गणित करू. ए४ पान, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके): २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख पिक्सेल. दर पिक्सेलला ४ बाइट धरले तर पूर्ण भरलेला एक लेयर (चित्राचा एक थर) साधारण ३५ एमबीचा. असे वीस लेयर केले तरी ७०० एमबी. शिवाय ३२-बिट प्रोग्रामला एरवी २ जीबीच मेमरी मिळते. जास्त मेमरी घ्यायची सोय ठेवून बांधलेला असेल तर ६४-बिट विंडोजवर ४ जीबीपर्यंत. म्हणजे साईच्या पहिल्या आवृत्तीसाठी ३२ जीबी रॅम घेणं म्हणजे वाटीभर आमटीसाठी हंडा चढवणं. सीएस६ ची ६४-बिट आवृत्ती जास्त रॅम वापरू शकते, पण ए४ च्या चित्राला १६ जीबी पुरून उरते. उलट काही फार जुन्या प्रोग्रामांना ४ जीबीपेक्षा जास्त रॅम मोजताच येत नाही, आकडा चुकतो. भरपूर रॅम असून ‘मेमरी कमी आहे’ अशी तक्रार आली तर आधी कम्पॅटिबिलिटी मोड (प्रोग्रामला जुन्या विंडोजवर असल्याचं भासवणारी सोय) लावून बघा.

प्रेशरच्या तक्रारीत मात्र तथ्य आहे, निष्कर्ष तेवढा चुकीचा. मी पहिली रेघ ओढली तेव्हा तिचा सुरुवातीचा तुकडा गायब. पेनाच्या टोकाभोवती एक वर्तुळ उमटलं, मग एकदम रेघ आली, तीही अथपासून इतिपर्यंत एकाच जाडीची. भुवईची निमुळती शेपटी काढायला गेलो, तिथे आगकाडी ठेवल्यासारखी दिसायला लागली. पेन नवं, पीसी नवा, म्हणून दोष सॉफ्टवेअरचाच असणार असं मलाही वाटलं.

खरं कारण असं की पेनाची माहिती सॉफ्टवेअरपर्यंत पोचायचे विंडोजमध्ये दोन रस्ते आहेत. जुना विनटॅब आणि नंतरचा विंडोज इंक. सीएस६ आणि जुनी साई विनटॅबवर कान लावून बसतात. नंतरच्या फोटोशॉपने दुसरा रस्ता धरला. टॅबलेटच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे टॅबलेट चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, विंडोज इंकची टिक काढली, सॉफ्टवेअर बंद करून उघडलं, भुवई जागेवर. आधीच्या कंपनीच्या टॅबलेटचा ड्रायव्हर काढून न टाकता नवा टाकला असेल तर तोही काढा, कारण दोघे विनटॅबच्या एकाच फाइलवर हक्क सांगतात.

मोठ्या रिझोल्यूशनच्या स्क्रीनवर आयकॉन मुंगीएवढे दिसतात, हे खरंय. प्रोग्रामच्या प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटीखाली डीपीआयचं स्केलिंग सिस्टिमकडे द्या. थोडं धूसर दिसेल, पण दिसेल.

जी खरी अडचण आहे, ती मेसेजमध्ये नाहीच. ती म्हणजे सॉफ्टवेअर विकतचं असल्याची कंपनीच्या सर्व्हरकडून होणारी खातरजमा, म्हणजेच अ‍ॅक्टिव्हेशन. फोटोशॉपच्या सीएस२ चा अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हर बंद झाला तेव्हा २०१३ साली फोटोशॉपवाल्या अडोबीने जुन्या ग्राहकांसाठी अ‍ॅक्टिव्हेशन न लागणारी आवृत्ती ठेवली (ती सगळ्यांना फुकट आहे ही तेव्हाची आणखी एक अफवा). दरवेळी अशी सोय होईलच असं नाही, आणि सर्व्हरच नसेल तर कितीही भारी पीसी कामाचा नाही. तेव्हा जुनी मशीन मोडीत काढण्याआधी सॉफ्टवेअरमध्ये डीअ‍ॅक्टिव्हेटची सोय (त्या मशीनवरची नोंद सोडवण्याची) असेल तर ती वापरा. मी विसरलो होतो. माळ्यावर चढवलेली मशीन पुन्हा खाली उतरवली, तिची धूळ झटकली आणि केवळ त्या एका क्लिकसाठी चालू केली.