‘चांगलं ते सगळं बीबीसीचं’ म्हणणाऱ्यांनी ग्रॅनाडाचा इतिहास एकदा बघावा

एक पोस्ट सध्या जाम फिरतेय. म्हणणं थोडक्यात असं: ब्रिटिश टीव्हीवर जे दर्जेदार झालं ते बीबीसीने केलं, कारण तिथे जाहिराती नाहीत. उदाहरणं दिलीयत जेरेमी ब्रेटवाला शेरलॉक होम्स, ‘द ज्वेल इन द क्राउन’ आणि ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’. पुढे म्हटलंय की खाजगी कंपन्यांनी नुसत्या जाहिराती विकल्या, सगळा कारभार लंडनमधून चालायचा, जाहिरातीवर जगणाऱ्यांना सत्तेला प्रश्न विचारायची हिंमत नसते, आणि ग्रॅनाडा ह्या खाजगी टीव्ही कंपनीसारखं कुणी चांगलं करायला गेलं तर ते बाजारात बुडालं. शेवटी निष्कर्ष हा की खाजगी टीव्हीकडून अपेक्षाच ठेवू नका.

हेतू चांगला असेल, आपल्याकडच्या न्यूज चॅनेलांना वैतागून लिहिलंय हे कळतं. पण दिलेली तिन्ही उदाहरणं चुकीची आहेत आणि त्यातून काढलेला निष्कर्ष त्याहून चुकीचा आहे, म्हणून हे एवढं लिहितोय.

आधी उदाहरणं. ब्रेटचा होम्स बीबीसीचा नाही. तो मँचेस्टरच्या ग्रॅनाडा टेलिव्हिजनने बनवला, 1984 ते 1994, एकूण 41 भाग, आणि दाखवला आयटीव्हीवर, म्हणजे जाहिराती लावणाऱ्या चॅनेलवर. निर्माता मायकल कॉक्स. या माणसाने शूटिंगच्या आधी होम्सच्या मूळ कथांमधून बारीकसारीक गोष्टी वेचून 77 पानांची एक फाइल बनवून घेतली होती, होम्स काय खातो, काय ओढतो, कपडे कसले घालतो, वॉटसनशी कसा वागतो, सगळं त्यात. कथा पहिल्यांदा मासिकात छापून आल्या तेव्हा सिडनी पॅजेटने काढलेली चित्रं होती, त्यातल्या कित्येक चौकटी मालिकेत जशाच्या तशा उभ्या केल्यात, चित्र आणि फ्रेम शेजारी ठेवून बघा, अंगावर काटा येतो. बेकर स्ट्रीट मँचेस्टरच्या स्टुडिओच्या आवारात बांधली होती आणि रायशेनबाखच्या धबधब्यावरून पडण्याचा सीन खऱ्या रायशेनबाखला, स्वित्झर्लंडला जाऊन घेतला. हे सगळं जाहिरातीच्या पैशातून. गोंधळ होतो तो बहुतेक 2010 च्या कंबरबॅचवाल्या ‘शेरलॉक’मुळे, ती बीबीसीवर लागायची. पण गंमत बघा, ती बनवली हार्ट्सवूड फिल्म्सने, म्हणजे तीही खाजगी कंपनीच.

‘द ज्वेल इन द क्राउन’पण ग्रॅनाडाचं. 1984, चौदा भाग, इंग्रजांचं राज्य संपायच्या काळातल्या भारताची गोष्ट, आणि त्यासाठी युनिट भारतात आलं होतं, उदयपूर, म्हैसूर, सिमला, काश्मीर असं फिरून शूटिंग केलं. त्याआधी 1980 ला, ही मालिका ज्याच्या कादंबऱ्यांवर आहे त्या पॉल स्कॉटच्याच दुसऱ्या कादंबरीवर ‘स्टेइंग ऑन’ नावाची फिल्म सिमल्यात करून बघितली, की बाबा एवढ्या लांब येऊन काम जमतंय का. मग मोठं काम हातात घेतलं. 1983 मध्ये मँचेस्टरच्या गोदामाला आग लागून सामान आणि कपडेपट जळाला तरी मालिका पूर्ण केली. आर्ट मलिक, सईद जाफरी, झिया मोहिउद्दीन, पेगी अॅशक्रॉफ्ट, सगळे त्यात आहेत. आपल्या देशात शूट झालेल्या मालिकेचं श्रेय तरी आपण नीट द्यायला हवं ना.

‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’चं प्रकरण जरा वेगळं. तो 1962 मध्ये ग्रॅनाडाने सुरू केला (मूळ कल्पना अमेरिकन, ‘कॉलेज बोल’वरून घेतलेली), बॅम्बर गॅस्कॉइन प्रश्न विचारायचा, 1987 पर्यंत आयटीव्हीवर. 1994 ला जेरेमी पॅक्समनला घेऊन परत सुरू झाला तेव्हा बीबीसी टूवर आला, पण बनवणारे तेव्हाही ग्रॅनाडावालेच. म्हणजे चॅनेल कुठलं आणि बनवतं कोण ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पोस्टमध्ये त्या सरसकट एक केल्यात. ‘द रॉयल फॅमिली’ ही कॉमेडी तशीच, लागायची बीबीसीवर, बनवली ग्रॅनाडाने.

आता ‘सगळं लंडनमधून’ हा मुद्दा. सिडनी बर्नस्टीन हा ग्रॅनाडाचा मालक, मूळचा थिएटरवाला, ग्रॅनाडा नावाची सिनेमागृहांची साखळी होती त्याची. डाव्या विचारांचा माणूस. 1945 मध्ये नाझी छावण्यांवरच्या डॉक्युमेंटरीचं काम त्याच्याकडे होतं आणि त्याने हिचकॉकला सल्लागार म्हणून बोलावलं होतं. 1954 च्या कायद्याने खाजगी टीव्हीला परवानगी मिळाली तेव्हा त्याने लंडन न मागता इंग्लंडचा उत्तर भाग मागितला. तो सांगायचा की लोकसंख्येचा नकाशा आणि पावसाचा नकाशा शेजारी ठेवून बघितले, जिथे माणसं दाट आणि पाऊसही भरपूर तिथे लोक घरात बसून टीव्ही बघणार! 3 मे 1956 ला प्रक्षेपण सुरू झालं. मँचेस्टरच्या क्वे स्ट्रीटवर खास टीव्हीसाठी स्टुडिओ बांधले, ब्रिटनमध्ये अशी मुद्दाम टीव्हीसाठी बांधलेली वास्तू आधी नव्हती.

आणि मँचेस्टरला असल्याचा फरक पडद्यावर दिसला. 9 डिसेंबर 1960 ला ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ ही मालिका सुरू झाली. लिहिणारा टोनी वॉरन, वय 24, तिथल्याच भागातला. एक गल्ली, एक पब, कोपऱ्यावरचं दुकान, आणि माणसं उत्तरेच्या अस्सल बोलीत बोलतायत, जी बोली तोवर ब्रिटिश टीव्हीवर विनोदासाठीच वापरली जायची. कंपनीतल्याच वरच्या लोकांना ती आवडली नव्हती, आधी फक्त 13 भागांची ऑर्डर होती. ती अजून चालू आहे. ह्याला गल्लाभरू म्हणायचं असेल तर म्हणा, पण कामगार वस्तीतल्या बायकांना, म्हाताऱ्यांना, त्यांच्या भांडणांना आणि बोलण्याला टीव्हीच्या मध्यभागी आणून बसवणं हे मला तरी मोठं काम वाटतं. बीटल्स पहिल्यांदा टीव्हीवर दिसले तेपण 17 ऑक्टोबर 1962 ला, ग्रॅनाडाच्याच ‘पीपल अँड प्लेसेस’ ह्या स्थानिक कार्यक्रमात. लंडनला तेव्हा त्यांचं फार कौतुक नव्हतं.

सगळ्यात जास्त राग आला तो हिंमतीच्या मुद्द्याचा. 1958 मध्ये रॉचडेलला पोटनिवडणूक होती. तोवर प्रचाराच्या काळात टीव्हीने निवडणुकीला हातच लावायचा नाही असा रिवाज होता, बीबीसी तो पाळायची. ग्रॅनाडाने उमेदवारांना स्टुडिओत बसवलं आणि दाखवलं. ब्रिटनमधलं टीव्हीवरचं निवडणुकीचं वार्तांकन तिथून मोकळं झालं.

मग ‘वर्ल्ड इन अॅक्शन’, ग्रॅनाडाचा शोधपत्रकारितेचा कार्यक्रम, 1963 ते 1998. ह्या एका कार्यक्रमावर वेगळं लिहायला हवं पण एकच केस नीट सांगतो. नोव्हेंबर 1974 मध्ये बर्मिंगहॅमच्या दोन पबमध्ये बॉम्ब फुटले, 21 माणसं गेली, आणि सहा आयरिश माणसांना जन्मठेप झाली. पुरावा काय, तर मारून घेतलेले कबुलीजबाब आणि हातावरच्या रसायनाची टेस्ट, जी म्हणे स्फोटकं हाताळल्याचं सिद्ध करते. 1985 मध्ये ‘वर्ल्ड इन अॅक्शन’वाल्यांनी ख्रिस मलिन ह्या पत्रकाराबरोबर काम करून तीच टेस्ट शास्त्रज्ञांकडून परत करून घेतली. निघालं काय? पत्त्यांच्या कॅटवर जो चकचकीत थर असतो त्यात नायट्रोसेल्युलोज असतं, आणि पत्ते हाताळल्यावरही टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते. आणि ती माणसं त्या संध्याकाळी ट्रेनमध्ये पत्ते खेळत होती! न्यायालय तेव्हाही लगेच हललं नाही, अपील फेटाळलं गेलं, 1990 ला ग्रॅनाडाने त्यावर पूर्ण लांबीचं नाट्य करून दाखवलं, आणि अखेर 14 मार्च 1991 ला सहाही जण सुटले. सोळा वर्षं तुरुंगात काढून. एकट्या टीव्हीने त्यांना सोडवलं असं नाही, वकील होते, घरचे होते, मलिन तर खासदार झाल्यावरही मागे लागून होता. पण ‘जाहिरातवाले घाबरतात’ म्हणणाऱ्याने ही केस एकदा वाचावी.

जोनाथन एटकेनची केस तर माहीत असेलच. ब्रिटनमध्ये मंत्री होता, 1995 मध्ये सौदी लोकांशी असलेल्या त्याच्या व्यवहारांवर ‘वर्ल्ड इन अॅक्शन’चा कार्यक्रम आणि गार्डियनमध्ये बातमी आली, त्याने दोघांवर बदनामीचा दावा ठोकला. मी पॅरिसच्या हॉटेलात राहिलो त्याचं बिल सौदी लोकांनी नाही, माझ्या बायकोने भरलं, असं त्याचं म्हणणं. 1997 मध्ये विमानाच्या आणि भाड्याच्या गाडीच्या कागदांवरून निघालं की बायको त्या वीकेंडला पॅरिसला गेलेलीच नव्हती, ती मुलीबरोबर थेट स्वित्झर्लंडला गेली होती. दावा तिथेच कोसळला आणि 1999 ला खोट्या साक्षीसाठी एटकेनला 18 महिन्यांची शिक्षा झाली.

मग खाजगी कंपनी असून हे जमलं कसं? पोस्टला हा प्रश्नच पडलेला नाही, आणि माझ्या मते सगळं इथेच आहे. मालक चांगला होता हे खरं, पण तेवढ्याने काही होत नाही. नियम तसे होते. 1954 च्या कायद्यात कार्यक्रम प्रायोजित करायला बंदी होती, कंपनीने मधली मिनिटं विकायची, साबणवाल्याने मिनिटं विकत घ्यायची, कार्यक्रमात काय असावं ह्यात त्याचा काडीचा संबंध नाही. वर खाजगी टीव्हीवर नजर ठेवणारं प्राधिकरण बसलेलं, परवाना ठराविक वर्षांचा, काम पटलं नाही तर काढून घेणार, आणि नुसती धमकी नव्हती हं ती, 1968 च्या फेरवाटपात वेल्सच्या टीडब्ल्यूडब्ल्यू कंपनीचा परवाना खरंच गेला. बदल्यात देशाच्या प्रत्येक विभागात जाहिराती विकायचा हक्क एकाच कंपनीला. म्हणजे पैसा खात्रीचा, आणि तो टिकवायचा तर डॉक्युमेंटरी, नाटक, बातम्या नीट करून दाखवायला लागणार.

पोस्टचा एक मुद्दा इथे मान्य करतो, पैसा प्रचंड होता, स्कॉटिश टेलिव्हिजनचा मालक रॉय थॉमसन स्वतःच म्हणाला होता की परवाना म्हणजे नोटा छापायचा परवाना आहे. अर्थात ग्रॅनाडाची पहिली दोनेक वर्षं फार वाईट गेली, लंडनच्या असोसिएटेड-रेडिफ्यूजनशी उत्पन्नात वाटा देण्याचा करार करून कशीबशी तगली. आणि प्राधिकरण काही देवमाणूस नव्हतं, 1973 मध्ये पॉलसन नावाच्या आर्किटेक्टच्या लाचखोरीवरचा ‘वर्ल्ड इन अॅक्शन’ त्यांनीच अडवला होता, नंतर नाव बदलून दाखवावा लागला.

शेवटचा मुद्दा, कंपनी बुडाली म्हणे. बुडाली नाही! 1990 च्या कायद्याने परवान्यांचा लिलाव केला, जास्त पैसे देईल त्याला परवाना, फक्त दर्जाची एक किमान अट ठेवली. ग्रॅनाडाने 90 लाख पौंड लावले, समोरच्याने 3 कोटी 50 लाख, आणि दर्जाच्या अटीवर ग्रॅनाडा वाचली. पण वातावरण बदललं ते बदललंच. 1992 मध्ये ग्रॅनाडा टेलिव्हिजनचा प्रमुख डेव्हिड प्लाउराइट, ज्याच्या काळात ह्यातलं बरंच काम झालं, त्याला जावं लागलं, समूहाची सूत्रं तेव्हा केटरिंग कंपनीतून आलेल्या गेरी रॉबिन्सनकडे होती. त्यानंतर कंपनी आकाराने वाढतच गेली, 1994 ला लंडन वीकेंड ही टीव्ही कंपनी गिळली, 1997 ला यॉर्कशायरची, आणि 2004 मध्ये कार्लटन ह्या दुसऱ्या मोठ्या टीव्ही कंपनीबरोबर विलीन होऊन आयटीव्ही पीएलसी झाली. धंदा म्हणून बघाल तर ग्रॅनाडा जिंकली, आणि ह्याच जिंकण्याच्या काळात, 1998 ला, ‘वर्ल्ड इन अॅक्शन’ बंद झालं. नियम सैल केले तसा दर्जा गेला, मालकी तर आधीपासून खाजगीच होती.

म्हणून खाजगी चॅनेलांकडून अपेक्षा ठेवू नका असं कुणी म्हटलं की मला पटत नाही, त्यांच्याकडून काय आणि कुठल्या अटीवर करून घ्यायचं हे ठरवणारे आपण असतो. पोस्ट पुढे पाठवायचीच असेल तर निदान ती तीन नावं काढा. आणि ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’, आता अमोल राजन घेतो तो, संपताना पाट्या येतात त्यात बनवणाऱ्यांचं नाव बघा, अजूनही आयटीव्हीच्याच घरातली कंपनी आहे.