‘बी युवरसेल्फ’ पाठ कसं करून घ्यावं

रात्री साडेनऊला शाळेच्या पालक-ग्रुपवर मेसेज येतो. इयत्ता सहावी ते आठवी, इंग्लिश इलोक्युशन, वेळ तीन मिनिटं. विषय: नेव्हर गिव्ह अप, बिलीव्ह इन युवरसेल्फ, बी युवरसेल्फ, माय बिगेस्ट फेल्युअर. खाली एक ओळ असते, ‘भाषण पाल्याने स्वतः तयार करावे’. या ओळीला घाबरू नका. सिगारेटच्या पाकिटावर जसं चित्र छापावंच लागतं, तशी ती असते.

तुम्ही नवखे पालक असाल तर माझं ऐका. नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीत आणि आजूबाजूला मिळून मी आजवर चौदा भाषणं लिहून दिली आहेत. मी स्वतः इंग्रजीत चारचौघांसमोर एक वाक्य बोललेलो नाही, पण त्याने काही अडत नाही. लग्न लावणारा गुरुजीही लग्नात बसत नाही.

पाल्याला आधी काही लिहू देऊ नका. ही चूक माझ्या ताईने केली. तिची सई सहावीत. विषय आला ‘माय बिगेस्ट फेल्युअर’, आणि पोरीने मामाला न विचारता वहीत लिहून टाकलं. मे महिन्यात तिला पोहायच्या बॅचला घातलं होतं. सर म्हणाले उडी मार, तिने मारली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही, असे एकवीस दिवस ती काठावर टोपी घालून उभी. शेवटच्या दिवशी खालच्या पायरीवरून उडी मारली, नाकात पाणी गेलं, बाहेर येऊन ओकली. बॅच संपली. शेवटचं वाक्य, जसंच्या तसं: ‘आय स्टिल कॅनॉट स्विम बट नाऊ आय नो हाऊ दॅट वॉटर टेस्ट्स.’

आता मला सांगा, याला भाषण म्हणायचं? फेल्युअरवरच्या भाषणात फेल्युअर फार तर दुसऱ्या परिच्छेदापर्यंत चालतं. तिसऱ्यापासून यश सुरू झालं पाहिजे, आणि शेवटी समोरच्या दोनशे पोरांना ते यश आपलंच वाटून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या पाहिजेत. नाकात गेलेल्या पाण्याला कोण टाळ्या वाजवणार?

मी वही ताब्यात घेतली. तरणतलावाचं गंगापूर धरण केलं, कारण तलावाला खोली मर्यादित असते आणि प्रेरणेला चालत नाही. एकवीस दिवस काठावर उभं राहण्याचे एकवीस निष्फळ प्रयत्न झाले. बाविसाव्या प्रयत्नात सई धरणाच्या या काठावरून त्या काठाला गेली. (मी स्वतः गोदावरीत गुडघ्याच्या वर उतरलेलो नाही, पण लिहिताना पाणी लागत नाही.) आता या सगळ्याला कारण हवं. कारण म्हणून आजी वापरावी. आमची आई, म्हणजे सईची आजी, रोज पहाटे जॉगिंग ट्रॅकवर चार फेऱ्या मारते. तिला मी हॉस्पिटलात टाकलं आणि तिच्या तोंडी ‘बेटा, नेव्हर गिव्ह अप’ हे वाक्य घातलं. आईने आयुष्यात कुणाला बेटा म्हटलेलं नाही, ती ‘ए कार्टे’ म्हणते. ताईने हरकत घेतली. आईने चष्मा लावून कागद वाचला आणि परवानगी दिली. “फक्त मारू नका रे मला,” एवढंच म्हणाली.

एडिसनशिवाय भाषण उभं राहत नाही. बल्ब लावायला तो किती वेळा चुकला याचा दर इयत्तेप्रमाणे ठरलेला आहे: सहावीला हजार वेळा, आठवीला दहा हजार. कुणी उगाच सांगेल की हजारो अपयशांचा तो किस्सा मुळात बल्बचा नाहीच, एडिसनच्या बॅटरीवरच्या प्रयोगांचा आहे. सांगू द्या. बॅटरीने स्टेजवर उजेड पडत नाही. आइन्स्टाइनला गणितात नापास करा. पंधरा वर्षांचा व्हायच्या आत तो कॅल्क्युलस शिकून बसला होता ही माहिती परीक्षकांपर्यंत पोहोचायला वेळ आहे. लिंकनचं हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र शाळेच्या व्हरांड्यात फ्रेम करून लावलेलंच असतं. ते लिंकनने लिहिल्याचा पुरावा अजून कुणाला मिळालेला नाही, पण फ्रेमला खिळा पक्का आहे. शिवाय ‘बी युवरसेल्फ’ विषय घेतलात तर ‘बाकीची सगळी माणसं आधीच कुणीतरी होऊन बसलीत’ या अर्थाचं ऑस्कर वाइल्डचं वाक्य घाला. वाइल्डच्या लिखाणात ते कुठेच सापडत नाही. म्हणजे दुसऱ्याचं नसलेलं वाक्य दुसऱ्याच्या नावावर घालून, तिसऱ्याने लिहिलेल्या भाषणातून, चौथ्याच्या पोराने सांगायचं की स्वतःसारखे व्हा. इतका सुंदर योग कुंडलीतही जुळत नाही.

गावातली उदाहरणं मात्र टाळा. सईच्या वर्गातल्या एका मुलाने ‘नेव्हर गिव्ह अप’साठी काळाराम मंदिराचा सत्याग्रह घ्यायचं ठरवलं होतं. २ मार्च १९३० ला सुरू झाला, दार उघडत नव्हतं तरी माणसं वर्षानुवर्षं येत राहिली, आणि ते देऊळ आमच्यापासून रिक्षाने अर्ध्या तासावर. वरून त्याला येवल्याचं १३ ऑक्टोबर १९३५ चं बाबासाहेबांचं भाषणही सापडलं, आपल्याच जिल्ह्यातलं. मुलगा हुशार, पण व्यवहार कळत नाही. शाळेतून त्याच्या आईला फोन आला की विषय ‘जरा सेन्सिटिव्ह’ आहे, ‘समथिंग पॉझिटिव्ह’ घ्या. बरोबरच आहे. देवळाच्या दारावरून पोरं विचारणार की दार बंद कुणी ठेवलं होतं. बल्बवरून कुणी काही विचारत नाही. त्या मुलाने शेवटी एडिसन घेतला.

आता भाषण बसवण्याकडे वळू. जुन्या वक्त्यांच्या नादी लागू नका, नियमात एकही बसत नाही. लिंकनने १८६३ साली गेटिसबर्गला जे प्रसिद्ध भाषण केलं ते जेमतेम पावणेतीनशे शब्दांचं, दोन-तीन मिनिटांत खाली बसला. आमच्याकडे दोन मिनिटांना पहिली घंटा आणि तीनला दुसरी होते. दुसरी व्हायच्या आत उतरलात तर ‘कन्टेन्ट कमी’चे गुण कापतात. त्याच दिवशी त्याच्याआधी एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलला होता. तयारी त्याची म्हणावी, पण आज त्याच्या नावाचं कुणी काही पाठ करत नाही. मार्टिन ल्यूथर किंगचं तर विचारूच नका. २८ ऑगस्ट १९६३, समोर अडीच लाख माणसं, हातात लिहिलेला कागद, आणि मागून महालिया जॅक्सन ही गायिका ओरडली की स्वप्नाचं सांगा त्यांना. गृहस्थाने कागद सोडला आणि कागदावर नसलेलं स्वप्न सांगायला लागला! आमच्या हॉलमध्ये हे ‘प्रॉम्प्टिंग’ ठरून बाद झाला असता.

म्हणून कागद सोडायचा नाही, आणि कागदात हातवाऱ्यांच्याही वेळा लिहायच्या. ‘हार्ट’ला उजवा पंजा डाव्या छातीवर. ‘वर्ल्ड’ला दोन्ही हातांनी भोपळ्याएवढं वर्तुळ. ‘बिलीव्ह’ला दोन्ही मुठी वर, बोटं उघडत आकाशाकडे, आणि एक श्वास थांबायचं, सईच्या भाषणात हे बाविसाव्या सेकंदाला, एकशे दहाव्याला आणि शेवटी. पहिले आठ दिवस ती नुसतं हातवाऱ्यांचं करायची, शब्द न बोलता. आई म्हणाली, पोरगी वाहतूक पोलिसासारखी दिसते. असो. ‘वॉटर’चा उच्चार ‘वॉरर’ करून घ्या. पोरं घरी येऊन ‘आई, वॉरर दे’ म्हणायला लागतात, ते चार दिवसांनी उतरतं.

स्पर्धेच्या दिवशी मी मागच्या रांगेत बसलो. चौतीस स्पर्धक, अकरा एडिसन. ‘बी युवरसेल्फ’ तीन मुलांनी केलं, आणि तिन्ही भाषणं माझीच होती. फक्त कुत्र्याचं नाव बदललेलं: ब्रूनो, टायसन आणि घाईत राहून गेलेला पुन्हा ब्रूनो. परीक्षकांना काही वाटलं नाही. तिघांपैकी ज्याचा हात जास्त वर गेला त्याला पहिलं बक्षीस मिळालं. सई दुसरी आली. धरण पार केल्यावर टाळ्या पडल्या, आजी हॉस्पिटलात असताना एक बाई रुमाल शोधत होत्या, आणि आमची आई माझ्या शेजारी बसून शेंगदाण्याची चिक्की खात होती. सर्टिफिकेटवर सईचं आडनाव चुकलं होतं. ताईने तसंच लॅमिनेट करून आणलं.

तुम्ही व्हिडिओ जरूर काढा, तो जन्मभर उपयोगी पडतो. एप्रिलमध्ये ताईने सईला पुन्हा पोहायला घातलं. सर नवे होते. त्यांनी विचारलं, अगदी नवशिकी आहे का? ताईला काय वाटलं कोण जाणे, तिने पर्समधून मोबाइल काढला आणि अख्खा व्हिडिओ दाखवला. सरांनी तीन मिनिटं न हलता पाहिला. मग ते म्हणाले, गंगापूर धरण म्हणजे कमालच आहे, हिला लहान पोरांत कशाला ठेवायचं, आणि त्यांनी सईला पलीकडच्या टोकाला, खोल पाण्याच्या काठावर नेऊन उभं केलं.

मी या बाजूला जाळीच्या बाहेर होतो. सईने टोपी ओढून घेतली, खाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी लगेच दोन्ही मुठी वर नेल्या आणि बोटं उघडली. बाविसावा सेकंद.

“सर,” सई म्हणाली, शुद्ध मराठीत, सगळ्या तलावाला ऐकू जाईल अशा आवाजात, “ते मामाने लिहिलंय. मला येत नाही.”

सर काठाकाठाने चालत माझ्यापर्यंत आले. माझे हात अजून वरच होते.

“काका,” ते म्हणाले, “मोठ्यांची बॅच सहाला असते.”